अंजनीकाठची पोर मेकाँगकाठी

धुळ्याहून जळगावला जाताना पारोळा मागे पडले की एरंडोल लागते. अंजनी नदीच्या काठचे हे जुने गाव. एकेकाळी इथे हातकागद होत असे, त्याची नोंद जुन्या खानदेश गॅझेटियरमध्येही सापडते. आज आजूबाजूला कापूस, मका, ज्वारी आणि पाणी असेल तिथे केळी. जवळच पद्मालयाचा गणपती, तर तालुक्यातच फरकांड्याचे मनोरे. आणि गावातल्या कुठल्याही म्हाताऱ्याला विचारा, तो सांगेल की महाभारतातली एकचक्रा नगरी ती हीच.

एकचक्रेची कथा आपल्याला भीम आणि बकासुरामुळे आठवते. पण त्या कथेत आणखी एक गोष्ट आहे. पांडव इथे परके म्हणून आले होते. दुसऱ्याच्या ओसरीवर राहिले, गावात भिक्षा मागून जेवले आणि वेळ आली तेव्हा त्या घराच्या आणि गावाच्या कामी आले. परमुलखात कसे राहावे, याचा धडाच तो. आता आपल्या गावांतून शिकणारी मुले-मुली परमुलखात जाऊ लागली आहेत, तेव्हा ही गोष्ट पुन्हा नीट ऐकण्यासारखी आहे.

कृषी पदवीच्या शेवटच्या वर्षात मुलांना प्रत्यक्ष गावात, शेतावर राहून कामाचा अनुभव घ्यावा लागतो, हे बहुतेकांना ठाऊक असेल. आता काही मुले असा अनुभव परदेशात घेतात. त्याला इंटर्नशिप म्हणतात. म्हणजे पगाराची नोकरी नव्हे आणि नुसती सहलही नव्हे. आपल्या जुन्या शब्दांत सांगायचे तर शिकाऊ उमेदवारी. राहुरी आणि परभणीच्या कृषी विद्यापीठांनीही जागतिक बँकेच्या मदतीने चाललेल्या राष्ट्रीय कृषी उच्च शिक्षण प्रकल्पातून मागच्या काही वर्षांत विद्यार्थी परदेशी प्रशिक्षणाला पाठवले होते.

आमच्या धाकट्या भावाच्या मुलीने हा विषय घरात काढला, तेव्हा आम्हाला वाटले अमेरिका किंवा इस्राईल म्हणेल. तिने नाव घेतले व्हिएतनामचे. आजीने ताबडतोब विचारले, "पोर एकली कशी राही तठे?" तिच्या वडिलांनी विचारले, "खर्च किती?" प्रश्न दोन्ही खरे होते. मुलगी दोन महिन्यांसाठी गेली आणि तिची मुदत संपता संपता मीही आठ दिवस जाऊन तो मुलूख पाहून आलो. जे पाहिले ते इतर घरांच्या उपयोगी पडेल म्हणून लिहितो आहे.

व्हिएतनामच का?

हा देश आपल्यासारखाच भात खाणारा, छोट्या शेतकऱ्यांचा. १९७५ साली त्याचे दीर्घ युद्ध संपले तेव्हा तो मोडून पडला होता. शेती सामुदायिक केलेली, पिकते थोडे, धान्य बाहेरून आणावे लागे. १९८६ साली तिथल्या सरकारने धोरण बदलले. त्याला ते 'दोई मोई' म्हणतात, म्हणजे नवी घडी. १९८८ साली जमीन कसण्याचा हक्क कुटुंबांच्या हाती आला, आणि लगेच पुढच्या वर्षी, १९८९ साली, हा देश तांदूळ निर्यात करू लागला. २०२४ साली त्याने सुमारे ९० लाख टन तांदूळ बाहेर विकला. जमिनीची मालकी मात्र आजही सरकारचीच. शेतकऱ्याला मिळतो तो वापराचा हक्क. त्याचे लाल पुस्तक तो आपल्याकडच्या सातबाऱ्यासारखे जपून ठेवतो.

२०२४ साली त्या देशाचे उत्पन्न सात टक्क्यांवर वाढले. कारखाने, पूल, रस्ते जिकडेतिकडे चालू आहेत. तरीही राहणे-खाणे अजून आपल्या आवाक्यातले आहे. वाढणारा देश शिकणाऱ्याला बरा, कारण तिथे गोष्टी होताना दिसतात. युरोपात जाऊन पाहाव्यात तर त्या होऊन गेलेल्या असतात.

सायगावहून कान थोला

मुंबईहून हो ची मिन्ह शहराला थेट विमान आहे. साधारण पाच तासांचा प्रवास. या शहराला जुनी माणसे अजून सायगावच म्हणतात. घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास पुढे. विमानतळावर रुपयांचे पैसे करून घेतले आणि मी एका क्षणात लक्षाधीश झालो! तिथले चलन डाँग. हजार डाँगचे आपले तीन-साडेतीन रुपये होतात. चहाचा हिशेबसुद्धा हजारांत करावा लागतो.

रस्ता ओलांडणे हे पहिले संकट. मोटारसायकलींचा असा लोंढा मी जन्मात पाहिला नाही. बायका, मुली, आज्या, सगळ्या चालवतात. कोणी थांबत नाही, पण कोणी धडकतही नाही. आपण सावकाश एका चालीने चालायचे, लोंढा आपोआप बाजूने वाहतो.

तिथून बसने साडेतीन-चार तासांत कान थो. वाटेत मेकाँगच्या दोन मोठ्या शाखा लागतात. ही नदी तिबेटच्या पठारावर उगम पावते आणि समुद्राला मिळताना अनेक मुखांनी फुटते. तिथले लोक या भागाला 'कू लाँग' म्हणतात, म्हणजे नऊ ड्रॅगन. आपल्या तापीला पूर आला तर जेवढे पाणी दिसते, तेवढे तिथे रोजचेच. कान थोचा पूल पावणेतीन किलोमीटर लांबीचा आहे. तो २०१० साली सुरू झाला. बांधकामात २००७ साली त्याचा भाग कोसळून पन्नासांहून अधिक मजूर दगावले होते. वाढीची किंमत अशीही मोजावी लागते, हे तिथले लोक विसरलेले नाहीत.

मुलूख सपाट, आपल्या परातीसारखा. समुद्रापासून उंची अगदी जेमतेम. जिथे पाहाल तिथे कालवे. आपल्याकडे बांधाला बैलगाडी लागते, तिथे होडी लागते. फेब्रुवारीचा शेवट होता, 'टेट' हा त्यांचा नववर्षाचा सण आटोपला होता आणि हिवाळी भात कापणीला आला होता. हा त्यांचा सर्वांत चांगला हंगाम. हेक्टरी सात टनांच्या आसपास उतारा पडतो. वर्षात दोन, कुठे तीनही पिके घेतात.

आपल्याकडे जसा बिघा, तसा तिथे 'काँग'. साधारण दहा काँगांचा हेक्टर. कुटुंबाकडे बहुधा एक-दोन हेक्टर. म्हणजे शेतकरी आपल्याएवढाच, आणि चिंताही आपल्याएवढ्याच.

'बा' म्हणजे बाप

आमची पोर एका शेतकरी कुटुंबाशेजारी खोली घेऊन राहत होती. मी पोहोचलो तेव्हा घरातली मुले बापाला हाक मारत होती, "बा!" मी चमकलो. दक्षिण व्हिएतनाममध्ये बापाला 'बा' आणि आईला 'मा' म्हणतात. इतक्या लांब येऊन आपल्याच घरचा शब्द ऐकावा, याचे मोठे नवल वाटले. परक्या माणसालाही तिथे नावाने किंवा नुसते 'तुम्ही' म्हणून हाक मारत नाहीत. वयाप्रमाणे नाते लावतात. मी त्यांचा 'बाक' झालो, म्हणजे बापाचा थोरला भाऊ, आपल्या मोठ्या काकांसारखा. आमची पोर लहानांची 'ची', म्हणजे ताई. भाषा मोडकीतोडकी असली तरी नाते बरोबर लावले की अर्धे काम होते, असे ती म्हणाली.

खाण्याचा प्रश्न आमच्या घरी मोठा होता. तिथे जेवणात मासळी आणि मासळीचे पाणी असतेच. पण एक शब्द पाठ केला की निभते, तो म्हणजे 'चाय'. आपला चहा नव्हे. तिथे चाय म्हणजे शाकाहारी. बौद्ध घरांत अमावस्या-पौर्णिमेच्या सुमारास पुष्कळ लोक 'चाय' पाळतात, जशी आपल्याकडे एकादशी. त्यामुळे शाकाहारी खाणावळी शोधाव्या लागत नाहीत. भात, टोफू, भाजी यांचे ताट आपल्या सव्वाशे-दीडशे रुपयांत मिळते. पोर म्हणाली, "काका, दोन महिन्यांत आठवण आली ती कळण्याच्या भाकरीची आणि ठेच्याची." मी पिशवीतून ठेचा काढला, तेव्हा शेजारच्या घरमालकिणीने आधी वास घेतला आणि मग डोळ्यांत पाणी येईपर्यंत खाल्ला. मिरचीशी त्यांचीही दोस्ती आहे.

एका पहाटे काय रांगचा तरंगता बाजार पाहिला. होड्यांतून घाऊक भाजीपाला, फळे. प्रत्येक होडीवर एक उंच बांबू आणि जे विकायचे ते त्याला टांगलेले: भोपळा, अननस, रताळी. पाटीची गरज नाही. रस्ते आणि पूल झाले तशा होड्या कमी होत चालल्या आहेत, अशी खंत मात्र ऐकली.

एक किलो बियाणे घेऊन गेलेली पोरे

कान थोचे विद्यापीठ १९६६ सालचे. तिथे ऐकलेली गोष्ट मला साऱ्या प्रवासात मोलाची वाटली.

वो तोंग सुआन हे त्या मुलखातले कृषिशास्त्रज्ञ. तरुणपणी ते फिलिपाईन्सला शिकायला गेले. तो देशही काही श्रीमंत नव्हता, पण तिथे लॉस बान्योस येथे आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्था होती. तिथे भातशेती शिकून १९७१ साली, युद्ध चालू असताना, ते कान थोला परत आले. बाहेर चांगली नोकरी मिळाली असती, तरी आले.

१९७७ च्या सुमारास त्या मुलखात तपकिरी तुडतुड्यांनी हाहाकार माजवला. भाताची उभी पिके जळाल्यासारखी झाली. सुआन यांनी आपल्या जुन्या संस्थेकडून टपालाच्या पाकिटांतून काही ग्रॅम बियाणे मागवले. जात होती आय.आर. ३६. चिमूटभर बियाणे वाढवत वाढवत त्यांनी ते पुरेसे केले. मग विद्यापीठ दोन महिने बंद ठेवले, विद्यार्थ्यांना एकेक रोप लावून पीक कसे वाढवायचे ते शिकवले आणि प्रत्येकाच्या हाती एक किलो बियाणे देऊन गावोगाव पाठवले. पोरे शेतकऱ्यांच्या घरी राहिली, रोपवाटिका केल्या, लावणी केली, आणि किडीला दाद न देणारे भात मुलखात पसरले. सुआन यांना १९९३ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. २०२४ साली ते वारले.

आता आपला संबंध ऐका. आय.आर. ३६ ही जात तयार करण्यात पुढाकार होता गुरदेव सिंग खुश यांचा. ते आपल्या पंजाबातले. आणि त्या जातीत रोगाला तोंड देण्याची जी एक ताकद आली, ती उत्तर प्रदेशातल्या एका रानभातापासून. कान थोजवळ ओ मोन येथली भात संशोधन संस्थादेखील भारताच्या मदतीने उभी राहिली आहे. म्हणजे आपण त्यांना दिले आणि आता आपली पोर त्यांच्याकडून घ्यायला गेली. ज्ञानाचे हे असेच असते, आज इकडून तिकडे, उद्या तिकडून इकडे.

आपल्या महाराष्ट्रातही अशी माणसे होऊन गेली. वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे अमेरिकेत राबून शेतीशास्त्र शिकले आणि पुढे मेक्सिकोत मक्याच्या जाती सुधारत, शेतकऱ्यांसाठी मोफत शेतकी शाळा काढत राहिले. १९०८ साली तळेगावला पैसा फंडाचा काच कारखाना निघाला, तेव्हा त्याला उपयोगी पडले ते जपानला जाऊन काचकाम शिकलेले ईश्वरदास वार्ष्णेय. त्या काळी जपान हाच झपाट्याने वाढणारा आणि आपल्या मुलांना परवडणारा देश होता.

पोर काय शिकली?

मी तिला विचारले, "दोन महिन्यांत पदरात काय पडले?" तिने वही पुढे केली. पहिल्या पानावर त्यांच्या शेतीखात्याचे सूत्र होते: 'एक हवेच, पाच कमी'. प्रमाणित बियाणे हवेच. कमी करायचे ते बियाण्याचे प्रमाण, खत, औषध, पाणी आणि काढणीनंतरची नासाडी. पूर्वी तिथे हेक्टरी दीडशे-दोनशे किलो बी फेकत. दाट पीक, मग कीड, मग औषध. आता ते शंभरच्या आत आणण्याचा प्रयत्न चालू आहे. भाताच्या खाचरात सतत पाणी तुंबवण्याऐवजी मधून मधून सुकू देतात आणि मग पुन्हा भरतात. पाण्याची पातळी पाहायला भोकांची एक नळी जमिनीत रोवतात. साधी गोष्ट, पण पाणी आणि पंपाचे इंधन वाचते. २०२३ साली सरकारने अशा पद्धतीने दहा लाख हेक्टर भात करण्याचा कार्यक्रम मंजूर केला.

तिचे काम होते रोज आठ-दहा शेतांवर जाऊन ती नळी वाचणे, फवारणीची नोंद करणे आणि संध्याकाळी आकडे मांडणे. चिखलात उभे राहायचे, जळवा काढायच्या. फोटो काढण्यासारखे फार काही नव्हते.

सगळे गोडच आहे असेही नाही. तिने ते पानही लिहिले होते. उन्हाळ्यात समुद्राचे खारे पाणी कालव्यांतून आत घुसते. २०१६ आणि २०२० साली त्याने मोठे नुकसान केले. तरुण मुले शेती सोडून सायगावच्या आसपासच्या कारखान्यांत जातात, घरी म्हातारी माणसे उरतात. आणि भाव? कापणीच्या आधीच व्यापारी बयाणा देऊन जातो, कापणीच्या दिवशी होडी घेऊन कालव्यात उभा राहतो, आणि बाजार पडलेला असला तर भाव पाडतो किंवा येतच नाही. ओले भात किती दिवस ठेवणार? हे ऐकताना मला कापसाचे दिवस आठवले. खेडा खरेदीच्या गाडीपुढे आपणही असेच उभे असतो.

कापसावरून आणखी एक. त्या देशात कापूस जवळजवळ पिकत नाही; सूतगिरण्या मात्र मोठ्या आहेत. कापूस बाहेरून येतो, त्यात भारताचाही असतो. आपल्या गाठीतली घाण, ओलावा, मिसळलेल्या पिशव्यांचे धागे यामुळे भाव कुठे पडतो हे पोरीला तिथे उमगले. घरी आल्यावर तिने पहिली गोष्ट केली ती ही की वेचणीला प्लॅस्टिकच्या गोणीऐवजी सुती चादर आणि पहिल्या-शेवटच्या वेचणीचा कापूस वेगळा. दुसरी गोष्ट म्हणजे घरात फवारणीची वही. भाऊ आधी हसला. हंगाम संपल्यावर मात्र वही त्यानेच मागून घेतली.

पाठवण्याआधी

आता ज्या घरांत हा विचार चालू असेल त्यांच्यासाठी चार गोष्टी.

पहिली, संस्था आधी आणि देश नंतर. मुला-मुलीच्या महाविद्यालयाने मान्य केलेली आणि यजमान विद्यापीठाचे किंवा संस्थेचे लेखी पत्र असलेलीच इंटर्नशिप घ्यावी. पत्रात काम काय, किती दिवस, राहण्याची सोय कोणाची, देखरेख कोणाची, हे स्पष्ट असावे. ते पत्र महाविद्यालयाने स्वतः परदेशी संस्थेशी बोलून खरे असल्याची खात्री करावी.

दुसरी, व्हिसा कामाला साजेसा असावा. पर्यटनाचा ई-व्हिसा २५ डॉलरांत, जास्तीत जास्त ९० दिवसांचा मिळतो. पण तो फिरण्यासाठी आहे. शिकाऊ म्हणून जाताना यजमान संस्थेला विचारून योग्य तोच घ्यावा. "आधी या, मग बघू" म्हणणाऱ्याचे ऐकू नये.

तिसरी सर्वांत महत्त्वाची. २०२२ सालापासून आपले परराष्ट्र खाते पुन्हा पुन्हा इशारे देत आले आहे. थायलंडमध्ये संगणकावरची भरपूर पगाराची नोकरी, असे सांगून आपली मुले म्यानमार, कंबोडियात नेली गेली, पासपोर्ट काढून घेतले गेले आणि त्यांना फसवणुकीच्या धंद्याला जुंपले गेले. शिकाऊ माणसाला कोणी लाखाचा पगार देत नाही. जिथे पगार मोठा आणि काम मोघम, तिथून मागे फिरावे. पासपोर्ट कोणाच्या हाती देऊ नये. हो ची मिन्ह शहरात भारताचे वाणिज्य दूतावास कार्यालय आहे, हनोईत दूतावास. दोन्हींचे फोन घरच्या भिंतीवर लिहून ठेवावेत.

चौथी, खर्च. कान थोसारख्या शहरात विद्यार्थ्याची साधी खोली महिना पाच-सात हजार रुपयांत मिळते, खाणे तेवढेच किंवा थोडे अधिक. मोठा खर्च विमानाचा. तो हंगामाप्रमाणे बदलतो. विमा जरूर काढावा. पण एक पक्के: यासाठी शेत गहाण टाकू नये, सावकाराकडे जाऊ नये. हा अनुभव चांगला आहे, पण त्यावाचून मुलाचे आयुष्य अडत नाही. पैसे नसतील तर जळगावचे केळी संशोधन केंद्र आहे, राहुरी आहे. शिकणाऱ्याला तिथेही पुष्कळ सापडते.

आणि मुलगी म्हणून अडवू नका. मी आठ दिवस पाहिले, संध्याकाळी उशिरा मुली एकट्या सायकलीवर घरी येत होत्या. भुरट्या चोऱ्या, पिशव्या हिसकावणे मोठ्या शहरांत आहे. सावध राहावे लागतेच. पण ती सावधगिरी मुलाच्या कपाळीही आहे.

आजीने शेवटी पोरीला एवढेच विचारले की ज्या घराशेजारी राहिलीस, त्यांना काय दिलेस? पोर म्हणाली, "त्यांच्या धाकट्याला रोज तासभर इंग्रजी शिकवले, आणि कापणीला दोन दिवस गेले." आजीचे समाधान झाले. एकचक्रेच्या कथेत कुंतीनेही घरमालकाचे देणे असेच फेडायला लावले होते.